पप्पांच्या डायरीतला दुसरा मजला

त्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीतलं काम संपवून घरी आले तेव्हा आई खुशीत होती, आणि तेवढ्यानेच मला भीती वाटली.

पप्पांना जाऊन दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत ती मी ताट पुढे सरकवलं तर जेवायची, कंगवा हातात दिला तर केस विंचरायची. आज ती इस्त्रीची साडी नेसली होती आणि मोरीत पाहुण्यांच्या कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

"कोण आलं होतं?"

"उन्मेष म्हणून एक साहेब. काय छान बोलले गं! पप्पांचं काम कसं होतं, किती लिफ्ट बघायचे, डायरीत काय काय लिहायचे. बाकीच्यांनी नुसतं कसे गेले तेच विचारलं. हे पप्पा कसे होते ते विचारत होते."

"डायऱ्यांचं त्यांना कोणी सांगितलं?"

आई थांबली. "त्यांनीच विचारलं की."

"दिल्यास?"

"तुला विचारल्याशिवाय कशी देईन? विम्याच्या चौकशीला लागतात म्हणाले. रविवारी अकराला परत येतो म्हणालेत."

विमा कंपनीचा माणूस मी आधीच पाहिला होता. त्याने दोन सह्या घेतल्या होत्या आणि घाम पुसत पाणी मागितलं होतं. डायरीबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

माझे वडील जगदीश गमरे लिफ्ट मेकॅनिक होते. आठ वर्षं ते पश्चिम आशियातल्या एका शहरात कामाला होते. शहराचं नाव मी लिहिणार नाही. कंपनीचं लॉगबुक कंपनीकडे राहतं, म्हणून चांगला मेकॅनिक आपली स्वतःची खिशातली डायरी ठेवतो: कुठली इमारत, कुठला मजला, काय बिघडलं, काय केलं, पुढच्या वेळी काय बघायचं. ही सवय त्यांना शामरावकाकांनी लावली. काकांनी परळ-लालबागच्या इमारतींमध्ये पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि पप्पांना हाताला धरून शिकवलं. पप्पा जानेवारीत सुट्टीवर आले की भरलेली डायरी पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचे. अशा सात डायऱ्या घरात होत्या. आठवी त्यांच्या खिशात होती.

ते ज्या इमारतीवरच्या हल्ल्यात गेले तिच्या आठव्या मजल्यावर एक मोठा माणूस राहत होता. युद्धात उतरलेल्या एका पक्षाचा तो पुढारी होता. कोणी त्याला नेता म्हणायचं, कोणी खुन्यांचा म्होरक्या. तो शस्त्रसंधीला तयार झाला होता असं काही वर्तमानपत्रांनी छापलं; ते ढोंग होतं असं बाकीच्यांनी छापलं. हल्ल्यासाठी सगळ्यांनी एकच शब्द वापरला: अचूक. एकोणीस माणसं गेली. यादीच्या शेवटी 'एक परदेशी कामगार' होता.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत त्या दिवसांत लोक येऊन आईजवळ बसायचे आणि बाहेर गॅलरीत गेले की युद्धाबद्दल बोलायचे. शेजारचा लवू मोठ्याने बोलतो, त्यामुळे आत सगळं ऐकू यायचं.

"एक पुढारी मेलो की लढाय थांबता म्हणतत. मगे पयल्याच दिवशी तेका मारूचो होतो. आमचो जगदीश तरी तेव्हा कणकवलीच्या लग्नाक इलेलो होतो."

"लवू, हळू रे. आत वहिनी आहे."

"वहिनीक काय म्हायत नाय? मी काय खोटा बोलतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. पण जे मला ठाऊक होतं ते लवूला ठाऊक नव्हतं, आणि आईलाही.

त्या इमारतीतल्या लिफ्टचं सर्व्हिसिंग गुरुवारी व्हायचं होतं. लिफ्टची मशीन रूम गच्चीवर असते. सर्व्हिसिंग असलं की पप्पा लिफ्ट बंद करून फ्यूज खिशात टाकायचे आणि वर बसायचे. तेवढा वेळ त्यांना कोणी हाक मारायचं नाही, म्हणून तेवढाच वेळ त्यांचा फोन निवांत व्हायचा. वैशाख पौर्णिमा त्याआधीच्या सोमवारी आली. मी त्यांना म्हणाले, पप्पा, सर्व्हिसिंग सोमवारीच करून टाका ना, चाळीतल्या बुद्धवंदनेला फोनवरून बसा, सगळ्यांना बरं वाटेल. त्यांनी उत्तर म्हणून आवाजातला निरोप पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. "बरं बाळा. सुपरवायझरला सांगतो. सोमवारी आठला लिफ्ट बंद करतो आणि वर जाऊन बसतो. साडेनऊपर्यंत कोणी वर-खाली जाणार नाही."

आमच्या अकराला तिथे साडेआठ वाजतात. खाली पटांगणात मांडव होता. बुद्धमूर्तीसमोर फुलदाणीला टेकवून मी फोन उभा केला. पप्पा मशीन रूममध्ये पांढरा शर्ट घालून बसले होते. त्यांच्या मागे मोठं काळं चाक दिसत होतं. 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना त्यांचा आवाज आमच्या मागून, थोडा उशिरा यायचा. लहान मुलं त्याला हसत होती. तिसऱ्या फेरीचं 'ततियम्पि' म्हणताना त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र थांबलं. "नेटवर्क गेलं," कोणीतरी म्हणालं. आम्ही वंदना पूर्ण केली. खीर वाटली. मी खाल्ली.

पुढे मी जे मिळेल ते वाचत गेले. माझं कामच वाचण्याचं आहे. एका परदेशी बातमीत खाली दोन ओळी होत्या: तो पुढारी त्या सकाळी आपल्या आईला घेऊन घर बदलणार होता, पण कोणत्याशा कारणाने निघाला नाही. त्याची आई चाकाच्या खुर्चीत असायची. पप्पांच्या जुन्या डायरीत तिची नोंद होती: 'आठवा मजला, आजी, खुर्ची. दार तीन सेकंद जास्त उघडं ठेवलं.' लिफ्ट बंद होती म्हणून आजी खाली उतरली नाही, आजी उतरली नाही म्हणून तो निघाला नाही. आणि लिफ्ट मी बंद ठेवायला लावली होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही.

उन्मेष आमच्या घरी आला तो बुधवार होता. शुक्रवारी तो दादरला माझ्या लायब्ररीत आला. आईने केलेल्या वर्णनावरून ओळखला: बिनफ्रेमचा चष्मा, खांद्याला खादीची पिशवी, पन्नाशीचा, प्राध्यापक वाटावा असा. तो काउंटरशी रांगेत उभा राहिला. पुढच्या दोन मुलांची पुस्तकं होईपर्यंत थांबला.

"मित्रा गमरे ना तुम्ही? गमरे म्हणजे रत्नागिरीकडचे ना? पाच मिनिटं बोलू या का? तुम्ही वाचणाऱ्या आहात, तुमच्याशी सरळ बोलता येईल."

बाहेर नोटीस बोर्डाखाली बाक आहे. तिथे आम्ही बसलो. मुलंमुली जात-येत होती. मला वाटलं, लोकांत आहोत तोवर बरं.

"तुम्ही कोणाचं काम करता?"

"हे युद्ध लवकर संपावं असं ज्यांना वाटतं त्यांचं."

"म्हणजे कोणाचं?"

तो हसला, अगदी सभ्य. "वडिलांच्या मागच्या वर्षीच्या डायरीत एक दवाखाना आहे. दुसरा मजला. डायलिसिस होतं तिथे. एक गृहस्थ येतात, आठवड्यातून दोनदा. मला फक्त दिवस हवे आहेत."

ते गृहस्थ कोण ते मला कळलं. मेलेल्या पुढाऱ्याच्या जागी आता तो आला होता. त्याच्या किडन्या गेल्या आहेत असं लोक बोलत होते.

"त्याने बाजारावर रॉकेटं टाकायला लावली," उन्मेष म्हणाला. "एक्केचाळीस माणसं गेली. वाचलंत ना?"

"वाचलं."

"त्यात भाजी घ्यायला आलेल्या बायका होत्या. आता मला सांगा, दोन्हीकडची हजारो पोरं मारायची, गावंच्या गावं जाळायची, की हुकूम सोडणारा एक माणूस बाजूला करायचा? यात जास्त नीतीचं काय? मी वाद घालत नाही, खरंच विचारतोय."

हा प्रश्न मी स्वतःला दोन महिने विचारत होते, आणि म्हणूनच त्याच्या तोंडून तो ऐकताना मला जास्त भीती वाटली. मी म्हणाले, "ते एकोणीस जण हुकूम सोडत नव्हते."

"बरोबर. म्हणून तर आलोय. तुमचे वडील गेले, कारण माहिती अर्धी होती. इमारत कळली, मजला कळला, लिफ्ट बंद आहे हेही कळलं. वर गच्चीत एक माणूस बसलाय, हे कळलं नाही. पूर्ण माहिती असती तर ते आज घरी असते. पुढच्या वेळी असं व्हायला नको, एवढंच."

लिफ्ट बंद होती हे कुठेच छापून आलं नव्हतं.

"लिफ्टचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "पौर्णिमा होती ना त्या दिवशी? मुलीने हट्ट केला, बापाने ऐकलं. किती साधी गोष्ट. यात तुमचा काही दोष नाही, मी तर म्हणेन अजिबातच नाही. पण काकूंच्या कानावर हे भलत्याच कोणाकडून गेलं, तर त्यांना काय वाटेल? याची मला काळजी वाटते." तो उठला. "रविवारी येतो. काकूंना सांगा, चहा फार छान झाला होता."

त्या संध्याकाळी मी घरी न जाता चिंचपोकळीला शामरावकाकांकडे गेले. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात. मी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच मला खिडकी लावावीशी वाटली. काकांनी उठून ती लावली आणि रेडिओ मोठा केला.

मग म्हणाले, "तो निरोप ऐकव. जगदीशचा."

मी ऐकवला. काकांनी डोळे मिटून ऐकला आणि परत लावायला सांगितला.

"हे तुझ्या फोनमधून त्यांनी ऐकलं असणार, बरोबर? त्याशिवाय पौर्णिमा कुठून कळणार?"

"हो."

"मग नीट ऐक काय म्हणतोय. लिफ्ट बंद करतो *आणि वर जाऊन बसतो*. म्हणजे माणूस वर आहे, हे त्यांना त्याच्याच तोंडून कळलं होतं." "आमच्यात नियम असतो, मित्रा. वीज चालू करायच्या आधी शाफ्टमध्ये तोंड घालून तीनदा ओरडायचं, आत कोणी आहे का. ओ आली तर स्विचला हात लावायचा नाही. मग वरती मिनिस्टर बोंबलत असू दे. इथे ओरडायचीही गरज नव्हती. त्याने आधीच ओ दिली होती."

बाकावर बसले असताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माहिती अर्धी नव्हती. पूर्ण होती. पप्पा त्यांनी हिशेबात धरले होते आणि पुढे गेले होते. उन्मेषच्या बोलण्यातला जो एक भाग मला खरा वाटला होता तोही गेला, आणि आता त्याची भीती तेवढी उरली.

"आता काय करायचं?"

"आईला सांग," काका म्हणाले. "त्याच्या हातात दुसरं काय आहे?"

शनिवारी दुपारी सांगितलं. आई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. माझं बोलणं संपलं तरी ती कपडे काढत राहिली, मग आत येऊन एकेक घडी घालू लागली. माझी ओढणी तिने तीनदा घडी करून तीनदा मोडली.

"तू सांगितलंस, सर्व्हिसिंग सोमवारी करा?"

"हो."

"मी तुला आठवडाभर म्हणत होते, पौर्णिमेला पप्पा दिसले पाहिजेत."

"आई, पण मी..."

"गप्प बस." तिने ओढणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दे ती डायरी."

"काय?"

"देऊन टाक. मरू दे त्यालाही. हे वर-खाली करायचे त्या पुढाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला. सेकंद मोजून दार उघडं ठेवायचे तिच्यासाठी. त्या माणसाने एकदा तरी सांगितलं का, बाबा, माझ्यामागे मरण लागलंय, तू या घरात येऊ नकोस? त्याला ठाऊक होतं. यांना नव्हतं. सगळे सारखेच आहेत ते, वरून मारणारे आणि खाली लपणारे. मरू देत एकमेकांना मारून."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मी ट्रंक उघडून मागच्या वर्षीची डायरी काढली आणि तिला वाचून दाखवू लागले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

'१२ मार्च. दवाखाना. दुसरा मजला, आठ खाटा. मंगळवार-शनिवार गर्दी. दार लवकर मिटतं, खुर्ची अडकते. चार सेकंद वाढवले.'

'७ ऑगस्ट. लिफ्टमन युनूस. जुन्या जाळीच्या लिफ्टवर होता, आता बटणं दाबतो. पोरगी शाळेतून इथेच येते, स्टुलावर बसून अभ्यास करते. त्याच्या बायकोने सीमाकरता खजूर दिले.'

सीमा म्हणजे आई. "थांब," ती म्हणाली. "तो लाल डबा? मी म्हटलं हे बाजारातून आणले."

'१९ नोव्हेंबर. दोर बदलायचे. लिफ्ट तीन दिवस बंद. पेशंट खुर्चीत बसवून जिन्याने वर नेले, चौघं लागले. मोटारवाले साहेब आले नाहीत. लोकांनी उचललेलं त्यांना चालत नाही, युनूस म्हणतो. त्यांची सोय दुसरीकडे करतात.'

आईने डायरी माझ्या हातातून घेतली. ती अक्षर लावून लावून वाचते. ७ ऑगस्टचं पान तिने पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग डायरी मिटून मांडीवर ठेवली.

"उद्या मी बोलते त्याच्याशी," ती म्हणाली.

रविवारी अकराच्या ठोक्याला उन्मेष आला. मी काकांनाही बोलावून ठेवलं होतं. आईने त्याला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"डायरी मिळणार नाही," ती म्हणाली.

उन्मेषने माझ्याकडे पाहिलं. मी हात ओढणीखाली घेतले.

"काकू, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण एक गोष्ट तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल..."

"पौर्णिमेची? सांगितली माझ्या मुलीने. पौर्णिमा आमची होती साहेब. बाँब आमचा नव्हता."

"आत माणूस आहे हे कळलं होतं ना तुमच्या लोकांना?" काका कोपऱ्यातून म्हणाले. "का त्यांना मराठी येत नाही? तुम्ही होता की सांगायला."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. एखाद्याने आपलं नाव चुकीचं उच्चारावं आणि आपण ते दुरुस्त करू नये, तसं काहीतरी. तो उठला.

"मी विचारायला आलो होतो. तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला." दारात वाकून तो सावकाश बूट घालू लागला. एक नाडी नीट बसली नाही, सोडून परत बांधली. "डायऱ्या जपून ठेवा मात्र. अक्षर किती सुरेख आहे त्यांचं. नुसती दोन-चार पानं बघितली तरी माणूस कळतो."

जिन्यावर त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत मी थांबले. मग मी आईला विचारलं, "बुधवारी डायऱ्या कुठे होत्या?"

आईचा चेहरा उतरला. "मी काढल्या होत्या गं दाखवायला. खाटेवर होत्या."

"आणि तू?"

"दूध संपलं होतं. लवूकडे गेले. पाहुण्यांना काळा चहा कसा देणार?" तिचा आवाज बारीक झाला. "लवू बोलत बसला. त्याचं तुला माहीत आहे."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील. पंधरा."

शुक्रवारी बाकावर तो स्वतःच म्हणाला होता, दुसरा मजला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. किती पानं त्याने पाहिली, किती फोनमध्ये घेतली, दिवस लिहिलेलं पान त्याला मिळालं की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. मिळालं नसेल म्हणून तो परत आला असेल. किंवा मिळालं असेल आणि आम्हाला बघायला आला असेल.

"परवा मंगळवार," काका म्हणाले.

डायरीच्या शेवटच्या पानावर पप्पा बिघाड कळवणाऱ्यांचे नंबर लिहायचे. तिथे युनूसचा होता. आई म्हणाली, फोन कर. मी म्हणाले, काय सांगू? सावध केलं तर ते त्या माणसापर्यंत जाणार. तो वाचणार. पुन्हा कुठल्या बाजारावर रॉकेटं टाकणार. मी त्या एक्केचाळीस जणांची नावं वाचली होती. यादी दोन पानांची होती आणि एकाच आडनावाची पाच माणसं त्यात एकाखाली एक होती. नाही सांगितलं, तर आठ खाटा, आणि स्टुलावर अभ्यास करणारी ती मुलगी. पुस्तकांत यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. मी त्यातलं बरंच वाचलंय. सगळे लेखक लांब उभे राहून लिहितात, त्यांच्यापैकी कोणाच्या हातात फोन नव्हता.

"सावध करायचंच नाही कोणाला," काका म्हणाले. "लिफ्ट बंद करायची."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"मेकॅनिकने लिफ्ट धोक्याची आहे म्हटलं की बंद ठेवतात. कारण कोणी विचारत नाही. पेशंटला उचलून नेतील, गेल्या वेळी नेलं होतं. हाल होतील बिचाऱ्यांचे. पण तो मोटारवाला यायचा नाही, आणि तो नाही तर बाँब नाही."

"आणि तो दुसरीकडे जाईल," मी म्हणाले. "तिथेही खाटा असतील."

"असतील." काकांनी मान हलवली. "तिथली लिफ्ट जगदीशने लिहिलेली नाही. जी लिहिलेली आहे ती मी बंद करू शकतो."

हे उत्तर पुरेसं नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण आम्हा तिघांकडे तेवढंच होतं. माझ्या फोनवरून करायचा नाही असं ठरलं. काकांनी आपला फोन काढला, मग थांबले. "या वयात धरून नेतील का गं मला? औषधं बरोबर घेऊ देतात का?" ते हसत म्हणाले, पण उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, मी करते. त्यांनी मान हलवली. "बाईचा आवाज ऐकून लिफ्ट बंद करणार नाही तो. मेकॅनिकचा लागतो."

चौथ्या खेपेला लागला. काकांनी स्पीकर चालू केला. तिकडून गोंगाट, भांड्यांचा आवाज, मग एका माणसाचा.

"युनूस? लिफ्ट कंपनी, मुंबई."

"जगदीश?" तो आवाज एकदम मोठा झाला. तिकडच्या मजुरांच्या हिंदीत तो भराभर बोलू लागला. "जगदीश, तुम किधर? दो महीना नहीं आया. दरवाजा फिर से खराब."

आईने पदर तोंडावर धरला.

"जगदीश नहीं," काका म्हणाले. "मैं जगदीश का उस्ताद. जगदीश अब नहीं आएगा."

तिकडे भांड्यांचा आवाज थांबला. त्या माणसाने त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, हळू. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण ते कशाचे असतात ते कळलं.

"सुनो युनूस. लिफ्ट का रोप खराब है. जगदीश लिख के गया है. कल से लिफ्ट बंद. मंगलवार को भी बंद. कोई बोले, चालू करो, तो बोलना कंपनी ने मना किया. समझा?"

"पेशंट लोग?"

"पेशंट को उठा के ले जाओ. जैसा नवंबर में ले गया था."

"कितना दिन?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. तीन दिवस म्हणावं तर शनिवार येत होता, आणि त्यानंतर परत मंगळवार.

"हमारा आदमी आएगा, तब तक," काका म्हणाले.

युनूस ते लिहून घेत होता. एकेक शब्द तो मोठ्याने म्हणत होता. मग त्याने विचारलं, "आदमी का नाम? यहाँ नाम लिखना पड़ता है. किसने बंद किया, उसका."

फोनवर आणखी कोणी असेल तर तेही ऐकत होतं. मी नको म्हणून हात केला. कुठलंही नाव चाललं असतं.

"शामराव," काका म्हणाले. मग, तो लिहू शकेल अशा सावकाशीने, त्यांनी आडनावही सांगितलं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं मला दुखत होती, आणि तिकडे युनूस काकांचं नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता, बरोबर येईपर्यंत.